कोकमाचा रविवार

"सर्वांनी मिळून घेऊ या," पाळकसाहेब म्हणाले आणि एकशे बारा माणसांनी अंगठ्याएवढे काचेचे पेले एकाच वेळी ओठांना लावले.

आकडा मला पक्का माहीत आहे, कारण ते पेले आदल्या दिवशी मीच धुतले होते. तेव्हा मी सातवीत होते. दृढीकरण, म्हणजे जाणत्या वयात सगळ्यांसमोर विश्वासाची कबुली, झाल्याशिवाय आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेता येत नाही, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्हा मुलांना एकच काम. बाजाच्या पेटीशेजारच्या आडव्या बाकावर हाताची घडी घालून बसायचं. त्या बाकावरून सगळ्यांचे चेहरे समोरून दिसतात. एरवी त्यांच्यावर बघण्यासारखं काही नसतं. त्या रविवारी होतं.

आधी बायकांच्या बाजूच्या भुवया वर गेल्या, मग पुरुषांच्या. कुणाचा तरी घोट गालातच अडकला. ओहोळ गुरुजी म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. त्यांना हसताना अजून कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी आपल्या रिकाम्या पेल्यात असं काही रोखून पाहिलं, जणू खडू खाणारं पोरगंच आत लपून बसलंय. पाळकसाहेबांनी डोळे मिटले ते मिटलेच. आणि त्या शांततेत पहिल्या बाकावरून जेकबबाबांचा आवाज आला. जेकबबाबा ऐंशीचे, कानांनी ठार बहिरे, त्यामुळे आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटतं आणि ते वेशीपर्यंत ऐकू जातं. जानेवारीची थंडी म्हणून त्यांनी त्या दिवशी कानात पांढरा कापूसही कोंबलेला दिसत होता.

"जिरं आहे की ह्यात!" बाबा म्हणाले.

मी बाकाखाली बघितलं. आत शिरायला जागा नव्हती.

त्याचं असं झालं होतं.

प्रभुभोजनाचा रस आमच्या घरी होतो. आमच्या म्हणजे माझ्या आत्याकडे. रूथआत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, रिटायर झाल्यापासून आमच्यासोबतच राहते. बावीस वर्षं तो रस तीच करत आली होती. ती कॉयरमध्ये गात नाही, महिला मंडळात उभं राहून कधी प्रार्थना करत नाही, वार्षिक अहवालात तिचं नाव येत नाही. तिची मंडळीतली सेवा म्हणाल तर एवढीच. शुक्रवारी काळ्या मनुका निवडून भिजत घालायच्या, शनिवारी मंद आचेवर उकळायच्या, मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळायच्या. मनुका निवडणं म्हणजे काय ते आत्याकडे बघावं. चष्मा नाकावर, ताट मांडीवर, एकेका मनुकेचा देठ काढायचा.

"आत्या, गाळल्यावर देठ जातातच की," मी शुक्रवारी म्हटलंही. "कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," आत्या म्हणाली आणि तिनं माझ्या वाटणीच्या मनुकांतून अकरा देठ काढून दाखवले.

शनिवारी आई-बाबा एका लग्नाला नगरला गेले होते. दुपारी आत्यानं पातेलं गॅसवर चढवलं आणि तेवढ्यात निरोप आला की मागच्या आळीतल्या एका पोरीला कळा सुरू झाल्यात, गाडी यायला वेळ आहे, रूथबाई येतील का? बाळंतपण म्हटलं की आत्याचे पाय घरात ठरत नाहीत. तिनं स्वेटर चढवला. तिला पडसं झालं होतं, नाक लाल. चार शिंका दिल्या आणि मला बजावलं, "एस्तू, हलत राहा."

"मी?"

"पळी हलत राहू दे गं बाई! आच वाढवायची नाही. दोन बोटं रस आटला की उतरव. गार झाला की तीनदा गाळ. जमेल?"

"आत्या, मी सातवीत आहे."

"म्हणूनच विचारते," आत्या म्हणाली आणि गेली.

पहिली दहा मिनिटं मी पळी अशी हलवली की कुणी फोटो काढावा. पण बारा दिवसांवर शाळेचं गॅदरिंग होतं. आमच्या नाचात एक जागा अशी होती की उजव्या पायावर तीन गिरक्या घेऊन बरोबर टाळीला थांबायचं, आणि मी दर वेळी अडीच गिरक्यांत धडपडत होते. बाहेरच्या खोलीत मोठा आरसा आहे. म्हटलं, पाचच मिनिटं.

तिसरी गिरकी जमली! इतकी सुरेख जमली की परत करून बघितली. मग परत. मग आरशातल्या मला मीच टाळ्या वाजवल्या आणि दीर्घ श्वास घेतला, तेव्हा वास आला.

पातेल्यात रस नव्हता. तळाला काळं डांबर होतं आणि त्यातून धूर निघत होता.

खिडक्या उघडल्या, पदराला... पदर कुठला, फ्रॉकच्या घेराला पकडून पातेलं उतरवलं, मोरीत घासायला घेतलं. रडले पण, घासता घासता. मनुका शिल्लक नव्हत्या. वाण्याकडे गेले असते तर तो पहिलं हेच म्हणाला असता, "आत्यानं परवाच नेल्या की गं?" आणि नव्या आणल्या तरी त्या रात्रभर भिजणार कधी? खरं सांगायचं तर उपाय एकच होता. मागच्या आळीत पळत जायचं आणि आत्याला सांगायचं. तिनं काहीतरी केलं असतं. पण मला आठवलं तिचं "म्हणूनच विचारते," आणि माझे पाय दुसरीकडेच वळले. कपाटाकडे.

कपाटात कणकवलीच्या मामींनी उन्हाळ्यात पाठवलेली कोकमाची बाटली होती. घरी केलेलं सरबत, साखर, सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलेलं. मी थोडं पाण्यात मिसळून उजेडात धरलं. काय सांगू! रंग अगदी तोच, डोळ्यांत भरावा असा लालजांभळा. चव घेतली. झकास. तळाला जिऱ्याचे कण होते, म्हणून मलमलच्या फडक्यातून गाळलं. एकदा नाही, तीनदा. त्या बाबतीत मी आत्याचा शब्द तंतोतंत पाळला.

आत्या आठ वाजता आली. दमलेली, पण खूश. मुलगी झाली होती, तीन किलोची. तिनं बाटली उचलून दिव्यासमोर धरली.

"रंग छान आलाय. चव घेतलीस?"

"हो," मी म्हटलं. हे खरंच होतं.

"गाळलास तीनदा?"

"हो." हेही खरं.

"सगळं सांगितल्यासारखं झालं?"

"हो," मी म्हटलं.

"शाबास माझी वाघीण!" आत्यानं माझ्या डोक्यावर हात फिरवला. ती स्वतः रस कधी चाखत नाही. पहिला घोट मंडळीबरोबर, असा तिचा नेमच आहे. आणि नाक तर शिंकांनी बंद झालेलं. तिला वास कुठून येणार? मी अंथरुणात पडून हिशेब केला की पेला एवढासा, घोट तेवढासा, कळणार कुणाला?

मीठ कळायला नाक लागत नाही, हे मला रविवारी समजलं.

उपासना संपली. व्हरांड्यात नेहमी सलाम-सलाम, हातात हात, कुणाचं बाळ, कुणाची बदली असा गलका असतो. त्या दिवशी सगळे हळू बोलत होते आणि हळू बोलताना खांदे हलत होते. ओहोळ गुरुजी सरळ आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

"रूथबाई, ते काय होतं?"

मी आत्याच्या मागे होते. मला वाटलं, आता ती वळणार आणि माझ्याकडे बघणार. ती वळली नाही.

"गुरुजी, रस माझ्या घरी होतो," ती म्हणाली. "काय झालं ते मला विचारा."

"विचारतोच आहे."

"पाच वाजता सांगते."

"ठीक. पाचला पंच बसतील," गुरुजी म्हणाले. "मग हेही ठरवून टाकू की ह्यापुढे हे काम घरात ठेवायचं का. बाजारात बंद डब्यातला द्राक्षरस मिळतो. कुणाला त्रास नको आणि असले चमत्कार नकोत."

आत्या फक्त मान हलवून म्हणाली, "बरं." पण तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि परत सोडलं. बावीस वर्षांचं काम. तिनं कुणाला सांगितलं नसेल, पण मला माहीत होतं की महिनाभर ती त्या शुक्रवारची वाट बघते.

आणि मी? मी उभी होते तशीच उभी राहिले. नाचात तीन गिरक्या घेणारे पाय एक पाऊल पुढे येईनात.

घरी आत्यानं मटण केलं. रविवारचं मटण, वर कोथिंबीर, आणि मी भाकरीचा एकच तुकडा रश्श्यात फिरवत बसले होते.

"आत्या," शेवटी मी म्हटलं, "समजा, एखाद्या मुलीनं..."

"कुठल्या?"

"समज एक मुलगी."

"आपल्या मिशन कंपाउंडातली?"

"असेल. तिनं समजा एक चूक केली. मुद्दाम नाही."

"मुद्दाम नाही?" आत्या नळी चोखता चोखता थांबली.

"पहिली चूक मुद्दाम नाही. दुसरी... थोडी मुद्दाम."

"केवढी आहे ही मुलगी?"

"सातवीत."

"मग तिला सांग, हात धुऊन वेणी घालून साडेचारला तयार राहा."

मला रडू फुटलं. "तुला माहीत होतं!"

"अगं, बाटली तू भरलीस, कणकवलीचं सरबत कपाटातून गेलं, पातेलं कधी नाही एवढं लखलखतंय. मी नर्स होते, आंधळी नाही."

"मग तू गुरुजींना का नाही सांगितलंस?"

"ते माझं सांगणं नव्हे."

मी बरंच रडले. आत्यानं रडू दिलं, मध्ये एकदा पाणी दिलं. मग मी सौदा करायला बघितलं. "तू म्हणशील ना त्यांना की मी लहान आहे?"

"नाही म्हणणार."

"का?"

"काल शाबासकी घेताना तू लहान नव्हतीस," आत्या म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

पाच वाजता चर्चमागच्या खोलीत टेबलाभोवती पंच बसले होते. मधे पाळकसाहेब, उजवीकडे गुरुजी वही उघडून, आणि टेबलाच्या पार टोकाला जेकबबाबा, काठीवर हनुवटी टेकून. बाबा सगळ्यांत जुने पंच. बाहेर अंगणात तरुण संघाची मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. आत्या भिंतीशी खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "एस्तेरला बोलायचंय." बस. एवढंच.

मला तेव्हा चारचौघांत बोलता यायचं नाही. आज माझ्या वर्गातल्या कुणाला हे सांगितलं तर ते हसतील, पण खरंच. वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज टेबलापर्यंत पोचायचा नाही. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत, वाटेत जुळवलेलं वाक्य पुटपुटले, "काल रस जरा जास्त आटला, घरात मनुका नव्हत्या, म्हणून बाटलीत कोकम गेलं."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, झालं! सुटले!

"काय म्हणतेस?" टेबलाच्या टोकावरून जेकबबाबांनी कानाला हात लावला.

आता आली का पंचाईत? मी थोडी पुढे झाले आणि जोरात म्हटलं, "मी रस आटवत होते. माझं लक्ष नव्हतं. तो करपला. मग मी कोकम भरलं."

"आँ? काय म्हणतेस, बेटा?"

गुरुजींची पेन्सिल थांबली होती. मी बाबांच्या अगदी समोर जाऊन छाती भरून ओरडले, "मी आरशासमोर नाचत होते! रस करपला! मी कपाटातलं कणकवलीचं कोकम भरलं, जाणूनबुजून! आणि आत्यानं विचारलं, सगळं सांगितल्यासारखं झालं का, तर मी हो म्हणाले! खोटं बोलले! आत्यानं काही केलेलं नाही! तिचं काम काढून घेऊ नका!"

बाहेरचा व्हॉलीबॉलचा टप्पा थांबला. दारात चार डोकी आली.

"हां," जेकबबाबा मागे टेकले. "आता ऐकू आलं."

मला वाटलं होतं की जमीन दुभंगेल. पण मला एकदम हलकं वाटलं, भिजलेलं दप्तर खांद्यावरून उतरवल्यासारखं. आणि माझा आवाज! तो एवढा मोठा आहे हे मला कुठं माहीत होतं?

गुरुजींनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "ठराव. रसाचं काम रूथबाईंच्या घरीच राहील. पुढच्या महिन्याचा रस मात्र कुमारी एस्तेर भांबळ करील. मनुका निवडण्यापासून. एकटी. रूथबाई त्या वेळी स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाहीत."

"आणि तो कसा झालाय हे कोण बघणार?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"कुणी नाही," गुरुजी म्हणाले. "तीच शिक्षा." मग वही मिटून, खिडकीकडे बघत, अगदी कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, "ते कोकम... कणकवलीचं म्हणालीस का?"

त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. पाळकसाहेबांनी परत डोळे मिटले, आणि सकाळी त्यांनी ते का मिटले होते हे मला तेव्हा कळलं.

घरी येताना मी आत्याचा हात धरला. "तुला नक्की कधी कळलं गं?"

"ओठांना लागलं तेव्हा."

"मग काय केलंस?"

"प्यायले. सगळी मंडळी एकत्र घेत होती, मी एकटी पेला कसा खाली ठेवू?" थोडं चालल्यावर ती म्हणाली, "आपली पापं आठवायची वेळ असते ती. म्हटलं, आज माझ्यासोबत एस्तूचंही आठवू."

पुढच्या महिन्यात मी मनुका निवडल्या. दार बंद, आत्या बाहेर पायरीवर, दाराकडे पाठ करून. साडेतीन तास लागले. रस उकळायला ठेवल्यावर मला पातेल्यात एक देठ तरंगताना दिसला. गाळताना तो निघालाच असता. मी गॅस बंद केला, चमचा घेतला आणि तो एवढासा देठ पकडेपर्यंत सोडला नाही. का ते विचारू नका. कुणी बघत नव्हतं. मी बघत होते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ईस्टरच्या आधीचा, गेला झावळ्यांचा रविवार. मी आता दहावीत आहे. आम्हा सात जणांचं दृढीकरण झालं, आणि मला पहिल्यांदा तो अंगठ्याएवढा पेला मिळाला. त्यातला रस माझ्याच हातचा होता, कारण आत्याचे डोळे आता थकलेत आणि शुक्रवारचं ताट माझ्या मांडीवर आलंय. आम्ही सगळ्यांनी मिळून घेतला. काय वाटलं ते मी लिहिणार नाही. ते माझं आहे.

नंतर व्हरांड्यात जेकबबाबा भेटले. आता त्र्याऐंशीचे आहेत. सवयीनं त्यांच्या कानाशी वाकून मी ओरडले, "सलाम, बाबा!"

"ओरडतेस कशाला?" बाबा दचकले. "मशीन आहे माझ्या कानात."

"मशीन? कधी घेतलं?"

"झाली की तीन वर्षं. मुलानं पुण्याहून नाताळाला आणलं. गुरुजींचा अहवाल लांबला की बंद करून टाकतो, म्हणून कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही."

मी मनातल्या मनात बोटं मोजली. तीन वर्षांपूर्वीचा नाताळ. त्यानंतरचा जानेवारी. कानातला तो पांढरा कापूस.

"बाबा! म्हणजे त्या दिवशी टेबलापाशी..."

"पहिल्याच वेळी लख्ख ऐकू आलं होतं. 'बाटलीत कोकम गेलं' म्हणे! चालत गेलं का?"

"मग 'काय म्हणतेस, काय म्हणतेस' का करत होता?"

"कारण तू अजून म्हणत नव्हतीस," बाबा म्हणाले.

मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. बाबा काठी टेकत निघाले, दोन पावलांवर थांबले आणि खाली बघत, आयुष्यात पहिल्यांदाच खऱ्याखुऱ्या हळू आवाजात बोलले, "आजचा रस फार चांगला झाला होता, पोरी."

आत्या पलीकडे बायकांत उभी होती. तिचं लक्ष नव्हतं.

मी कानाला हात लावला. "काय म्हणता, बाबा?"

बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांनी म्हातारी छाती भरून श्वास घेतला, आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आपल्या जुन्या आवाजात ते गरजले, "आजचा रस फार चांगला झाला होता!"

सगळा व्हरांडा वळला. आत्यासुद्धा.